काळजाशेजारची बाई

माझ्या थोरल्या जावेला, तानीबाईला, तंबाखू लागली तवा मला लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? ह्या वयात खोटं बोललं तर काय बोललो ते ध्यानात ठेवायला लागतं, आणि तेवढी ताकद आता डोक्यात न्हाय.

निपाणीच्या बायकांना तंबाखू लागणं म्हंजे काय हे सांगायला लागत न्हाय. तुम्ही बाहेरची माणसं, म्हणून सांगतो, आणि आमच्याकडं बायकाबी 'सांगतो'च म्हणत्यात. नवी पोरगी पयल्यांदा सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायला बसली, की दोन-चार दिवसांत जर्द्याच्या वासानं तिचं डोकं गरगरतं. घाम फुटतो, तोंड पांढरंफटक पडतं, एखादी आडवीच हुती. मग आम्ही जुन्या बायका तिला वाऱ्याला नेऊन बसवतो, गुळाचा खडा देतो आणि पोट धरधरून हसतो. महिन्याभरात सवय हुती. एकदा सवय झाली की पुन्हा जन्मात लागत न्हाय. आणि इथं तानीबाई! तीस वर्सं सूप मांडीवर घेतलेली, दिवसाला हजार बिड्या वळून वर आमच्या चुका काढणारी बाई. ती त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी बसल्या जागी पांढरी पडली, हातातली तेंदूची पत्ती गळाली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर येऊन टेकलं.

मी काय केलं? मांजराला म्हणालो, "मने, बघ गं. नव्या नवरीला तंबाखू लागली."

मांजराला म्हणालो, कारण आमचा दोघींचा अबोला होता. दोन वर्सांचा. तिनं आठ बायकांच्या देखत माझी वळलेली बिडी उचलली, दोन बोटांत दाबली आणि विचारलं, "सोने, ही बिडी ओढायची का नुसती कानावर ठेवायची गं?" सगळ्या खदाखदा हसल्या. माझ्या हाताला नाव ठेवलं! वीस वर्सं कारखान्यात बिड्या तपासणाऱ्या चेकरनं माझी टोपली परत पाठवली न्हवती. त्या दिवशी मी शपथ घेतली, ही बाई पयली बोलल्याशिवाय मी बोलणार न्हाय. तिनंबी घेतली असणार, कारण तीबी बोलली न्हाय.

आता तुम्ही म्हणशीला, मग जागा बदलायची. कशी बदलायची? सुलाबाईच्या पडवीत आमच्या जागा सासूनं दिलेल्या, भिंतीला टेकायला मिळतंय अशा. जागा सोडली तर दुसरी बसंल. घराची भिंतबी एकच. दोघींचं नवरं आधीच गेलेलं, माझ्या पोरी सासरी, तिचा कृष्णात पोस्टात कारकून, दिवसभर बाहेर. म्हणून आम्ही एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसायचो आणि बोलायचं असलं तर मनीला सांगायचो. "मने, कुणाची तरी डाळ करपायला लागलीया." "मने, कुणाला तरी सांग, नाक आवर, डाळ बघतो मी." पौर्णिमेला विहारात जायचो तरी दोन हात अंतर सोडून.

एक गोष्ट मात्र अबोल्यात बसत न्हवती, ती म्हंजे कोपर. दुपारचं जेवण झालं की वळता वळता डोळा लागतो. बोटं थांबली की शेजारणीनं कोपर मारायचं, ही आमच्या पडवीची रीत. हात चालू असला तर कुणी हात लावायचा न्हाय, थांबला की ठोसा. कोपराला तोंड नसतंय, म्हणून ते चालायचं. उलट अबोल्यात तर मी जरा जोरातच मारायचो.

त्या दिवशी तानी अर्ध्या मिनिटात उठली. तोंड लालबुंद झालतं. सुलाबाई गुळाचा खडा घेऊन आली तर तिच्यावरच खेकसली, "मला काय झालंय? झोप लागलीती." आणि पत्ती उचलून वळायला लागली. मला मनातनं गुदगुल्या व्हायला लागल्या. वाटलं, तीस वर्सांची राणी आणि आता पोरीबाळींगत तंबाखू लागती, म्हणून लाजून लपवतीया.

मग ते वाढतच गेलं. एकदा नळावर घागर भरता भरता खाली बसली. एकदा जेवताना हातातला घास तसाच राहिला. दरवेळी आधी पांढरी, मग लाल, मग "कायबी न्हाय". हजाराच्या सातशेवर आली. पडवीच्या दोन पायऱ्या चढायला मधे थांबायला लागली. मी हे सगळं बघत होतो. शेजारीच बसायचो, मला दिसणार न्हाय तर कुणाला? पण कृष्णातला जाऊन सांगावं तर ती म्हणणार, सोनीनं चहाडी केली. तिला विचारावं तर माझी शपथ. मी आपली मनीला म्हणायचो, "मने, कुणाचं तरी वय झालं." सहा महिने मी हेच केलं. आता ते आठवलं की माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतंय.

डिसेंबरात बिड्या द्यायला कारखान्यावर गेलतो. रांगेत ती पुढं, मी मागं. टोपली चेकरपुढं ठेवायला वाकली ती वाकलीच. डोकं फरशीवर आपटलं, बिड्या चहूकडं पांगल्या. कपाळातनं रक्त. आता ह्याला तंबाखू कोण म्हणणार? दोन बायकांनी उचललं, एकीला पोस्टात पळवलं आणि आम्ही तिला पद्मराज डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. पद्मराज डॉक्टर आमच्या निपाणीचंच, जैनांच्या गल्लीतलं. गोरगरिबांना लई धरून असणारा माणूस, पण तोंडानं फटकळ.

टाके घालायच्या आधी त्यांनी मनगट धरलं आणि धरूनच बसलं. घड्याळाकडं बघायचं, ओठ हलवायचं, पुन्हा पयल्यापासनं. मला राग आला. रक्त कपाळातनं येतंय आणि हा माणूस हात धरून बसलाय.

"बत्तीस," डॉक्टर म्हणालं.

"पन्नास पूर्ण झाली तिला," मी म्हणालो.

"वय नाही हो बाई, नाडी! मिनिटाला बत्तीस ठोके. सत्तर पडायला पाहिजेत. किती दिवस पडताहेत ह्या?"

तोवर कृष्णात धावत आलता. तो म्हणाला, "आजच पयल्यांदा, डॉक्टर."

 डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. तानीनं पडल्या पडल्या डोळं वटारलं, बोलू नको म्हणून. मी कधी नव्हे ते तिचं ऐकलं न्हाय.

"सहा महिने," मी म्हणालो. "आम्हाला वाटलं तंबाखू लागतीया."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग कागदावर एक काळीज काढून कृष्णातला समजावलं, मीबी मान लांब करून ऐकलं. काळजाच्या वरच्या अंगाला निरोप सुटतो, तो खालच्या अंगाला पोचला की ठोका पडतो. तानीच्या काळजात निरोप नेणारी वाटच बंद पडली. खालचं अंग आपल्या मनानं, जमंल तसं, सावकाश चाललंय. कधी कधी चार-पाच सेकंद थांबतंय. तेवढ्यात मेंदूला रक्त मिळत न्हाय, बाई पडती. पुन्हा सुरू झालं की रक्त एकदम चढतं, तोंड लाल हुतं. "आणि एक दिवस थांबेल ते पुन्हा सुरूच होणार नाही," डॉक्टर म्हणालं. "तो दिवस आजचा होऊ शकला असता. ताबडतोब बेळगावला न्या."

 प्रत्येक वेळी ती पांढरी पडत होती तवा ती मरत होती, आणि मी मांजराशी चेष्टा करत होतो.

डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली, टॅक्सी बोलावली. पुढं कृष्णात, मागं आम्ही दोघी, तिचं डोकं माझ्या मांडीवर. तवंदीचा घाट लागला. घाटात ती डोळं मिटून पडलेली, आणि मला कळंना, मिटलंय का गेलंय. बोलायचं तर न्हाय. मी हळूच कोपर मारलं. तिनं एक डोळा उघडून माझ्याकडं जळजळीत बघितलं. बरं वाटलं. संकेश्वर येईपर्यंत मी बारा वेळा तरी कोपर मारलं असंल. शेवटी ती पुढं बघून कृष्णातला म्हणाली, "गाडीत कुणाचं तरी कोपर लई मोकाट सुटलंय, त्याला सांग."

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात कागदावर वाकडीतिकडी रेघ काढणारं मशीन लावलं. तिथल्या डॉक्टरांनी पद्मराज डॉक्टरांचंच म्हणणं खरं ठरवलं आणि म्हणालं, पेसमेकर बसवायचा. साबणाच्या चपट्या वडीएवढी डबी, आत बॅटरी. कातडीखाली ठेवायची, तिची तार शिरेतनं काळजात सोडायची. डबी मुंबईहून मागवायची, बसवणारं डॉक्टर बंगळूरहून दोन आठवड्यातनं एकदा येत्यात, ते परवा येणार. तोवर आजच एक तात्पुरती तार घालायची, न्हायतर परवा बघायला बाई उरायची न्हाय. पैशाचं कोडं आमच्या बिडी कामगार संघटनेच्या लोकांनी आणि दवाखान्यानं मिळून सोडवलं, ते रामायण मी सांगत बसत न्हाय. खरं रामायण पुढंच हाय.

तानी म्हणाली, "न्हाय."

कृष्णात म्हणाला, "आई, असं काय करतीस?"

"मशीन नको, तारबी नको. घरला चला."

कृष्णातनं हात जोडलं. नर्सनं समजावलं. डॉक्टर कन्नडात बोललं, मराठीत बोललं. तानी भिंतीकडं तोंड करून पडली ती पडलीच. कृष्णात बाहेर जाऊन रडायला लागला. एवढा मोठा सरकारी माणूस, पण पोरगंच की.

मी तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसलो. मांजर तर निपाणीत. समोर लोखंडी दांड्याला सलाईनची बाटली टांगलेली. मी तिला म्हणालो, "बाटले, विचार गं तुझ्या बाईला, मशीननं काय घोडं मारलंय?"

 भिंतीकडनं आवाज आला, "बाटले, सांग तिला, सासूबाई आठव म्हणावं."

मग मला सगळं कळलं. आमची सासू अकरा महिने खाटेवर होती. डोळं उघडं, ओळख न्हाय, बोलणं न्हाय. दिवसातनं आठ वेळा आम्ही दोघी दोन बाजूंनी धरून तिची कूस बदलायचो. पाठीला जखमा पडल्या. शेवटी शेवटी तानी तिच्या कानाशी म्हणायची, जावा आता आत्याबाई, आमची काळजी करू नका. जीव सुटता सुटत न्हवता.

तानी भिंतीलाच बोलत होती. "मशीन काळीज हलवत राहणार. मी आत असू दे न्हाय तर नसू दे, त्याला काय कळतंय? हात गेलं, पाय गेलं, डोकं गेलं, आणि ते आपलं धकधक करत बसलंय. मला मराला येणार न्हाय, बाटले. पोरगं माझी कूस बदलत म्हातारं हुईल. त्यापरास आजच गेलेलं..."

आणि तिथंच थांबली.

मला वाटलं, दम खायला थांबली. मी म्हणालो, "बाटले, पुढं बोल म्हणावं." काय न्हाय. मी उठून बघितलं. तोंड पांढरं, डोळं वर गेलेलं, ओठ निळं पडायला लागलेलं. मी कोपर मारलं. पुन्हा मारलं. हलंना.

"आक्का!"

माझा आवाज अख्ख्या वॉर्डात गेला. "आक्का गं! तानीआक्का! ऊठ! डॉक्टर, अवो कोणतरी या, माझी आक्का गेली!" मी तिचं दोन्ही खांदं धरून गदागदा हलवत होतो. शपथ कुठं गेली, दोन वर्सं कुठं गेली, कायबी आठवलं न्हाय. नर्स आली, डॉक्टर आलं, मला बाजूला ढकललं आणि एकानं तिच्या छातीवर दोन हात ठेवून दाबायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मी दाराला धरून उभी, तोंडात पदर कोंबलेला.

मग तिचं तोंड लाल झालं. सहा महिने त्या लाल तोंडाला हसलो, पण त्या वेळी वाटलं, असंच लाल राहू दे बाई.

तिनं डोळं उघडलं. इकडं तिकडं बघितलं. मला शोधलं आणि एवढ्याशा आवाजात म्हणाली, "बोललीस. तू पयली बोललीस."

मी रडता रडता हसायला लागलो. म्हणालो, "व्हय गं बाई, बोललो! जिंकलीस तू! पण जिंकायला जित्तं ऱ्हायला लागतंय, कळलं का?"

 डॉक्टरांनी तिथल्या तिथं विचारलं, "आता तरी तार घालू?" तिनं नुसती मान हलवली. तासाभरात गळ्याजवळनं शिरेत तार घातली, बाहेर एक डबडं लावलं आणि नाडी सत्तरावर आली. दोन तासांनी जाऊन बघतो तर बाई उठून बसलेली, डोळं कसं स्वच्छ, आणि नर्सला सांगतीया, तुमच्या चहाला आलं घाला म्हणून. किती महिन्यांनी ती अशी दिसत होती! मला तर वाटलं, धुऊन वाळत घातलीया.

पण आत कायमचं मशीन ठेवायला अजून तयार न्हवती. डॉक्टर आलं तवा मी पुढं झालो.

"डॉक्टर, सरळ विचारतो. हे मशीन आत बसल्यावर हिला मराला येणार का न्हाय?"

असला प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसणार. चष्मा काढून पुसला आणि स्टुलावरच बसलं. "चांगलं विचारलंत. बघा आई, मशीन काळजाला चालवत नाही. ते फक्त राखण करतं. ठोका वेळेवर आला तर गप्प बसतं, काही करत नाही. ठोक्याला उशीर झाला तर बारीकसा झटका देतं, तेवढ्यावर काळीज आपलं आपण काम करतं. पण माणूसच संपलं, काळीजच थकलं, तर मशीन किती का हाका मारेना, काळीज ऐकत नाही. जाणाऱ्याला ते अडवत नाही."

तानीच्या कपाळावरची आठी काय हलली न्हाय. तिला ते पुस्तकातलं वाटत होतं. मी म्हणालो, "थांबा डॉक्टर, मी सांगतो हिला." आणि खाटेवर तिच्या मांडीला मांडी लावून बसलो.

"आक्का, बिड्या वळ."

"येडी झालीस?"

"हात तर हलव."

तिनं रिकाम्या हातानं पत्तीत जर्दा भरल्यागत केलं, वळल्यागत केलं. मी गप्प बसलो. "बघ, तुझा हात चाललाय, मी काय करतोय? कायबी न्हाय. आता थांब." ती थांबली. मी कोपर मारलं. तिची बोटं आपसूक पुन्हा चालली. तीस वर्सांची सवय ती. "हे मशीन म्हंजे एवढंच. तुझ्या काळजाशेजारी एक बाई बसवायची. काळीज चाललंय तोवर ती गप्प. पेंगलं की कोपर. आता सांग, मेलेल्या बाईला मी कोपर मारलं तर ती बिडी वळंल का?"

तानी विचारात पडली. डॉक्टर तर आमच्याकडं बघतच राहिलं. म्हणालं, "मी आजपासून सगळ्यांना असंच सांगणार."

"बिडी वळणारं पेशंट किती येत्यात तुमच्याकडं?" तानी म्हणाली. मग म्हणाली, "आत बसणारी बाई बडबडी न्हाय न्हवं?"

"मुकी हाय," मी म्हणालो.

"मग चालंल. एक बडबडी बाहेर हायच."

कागद आला. नर्सनं शाईचं पॅड पुढं केलं तर तानीनं ते परत सारलं. रात्रीच्या शाळेत शिकलेली सही तिनं एक एक अक्षर कोरून केली आणि खाली रेघ मारली. कृष्णातनं माझ्याकडं बघून हात जोडलं तर मी त्याला रागावलो, हात कसलं जोडतोस, जाऊन काहीतरी खाऊन ये.

दोन दिवसांनी मशीन बसवलं. नुसती तेवढी जागा बधिर करत्यात, बाई जागीच असती. आत काय झालं ते तानीनं नंतर शंभर वेळा सांगितलं. बंगळूरचं डॉक्टर आणि इथलं डॉक्टर काम करता करता कन्नडात बोलत होतं, की बेळगावचा कुंदा कुठल्या दुकानातला चांगला. ह्यांना वाटलं बाईला काय कळतंय. निपाणीच्या बाजारात जलम गेलेली बाई ती! पडद्यामागनं कन्नडातच म्हणाली, "नुसतं बोलू नका, मलाबी आणा." म्हणं बंगळूरच्या डॉक्टरांचा हात हसून हलायला लागला, मग दम खाऊन तार घातली. दुसऱ्या दिवशी कुंद्याचा पुडा आला. तिनं अर्धा मला दिला. दिला म्हंजे माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "मला गोड झेपत न्हाय." कुंदा न झेपणारी बाई अजून जन्माला यायची हाय.

निपाणीला आलो तर अख्खी गल्ली दारात. सुलाबाईनं आधी तानीला एका बोटानं शिवून बघितलं आणि बोट झटकन मागं घेतलं.

"करंट न्हाय गं," तानी म्हणाली, "ये, नीट हात लाव."

मग प्रत्येकीला डबीवर हात ठेवून बघायचं होतं. डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत चपटा उंचवटा, एवढंच. एक म्हातारी कान लावून बसली आणि म्हणाली, रेडिओ लागत न्हाय व्हय? महिनाभर डावा हात वर न्यायचा न्हवता, तर तानीनं त्या निमित्तानं घरातलं सगळं उंचावरचं काम माझ्या गळ्यात घातलं. डबं काढ, दोरीवर धुणं टाक, जळमटं झाड. काम करून घ्यायची आणि वर म्हणायची, "असं न्हाय, नीट झाड." मी भांडायचो. ती भांडायची. दोन वर्सांचं भांडण साठून राहिलं होतं, ते आम्ही पंधरा दिवसांत उपसून काढलं. कृष्णात म्हणायचा, काकू, अबोला बरा होता.

घरला यायच्या आधी डॉक्टरांनी एक काम लावून दिलतं. रोज सकाळी नाडी मोजायची. सत्तर किंवा वर असली तर मशीन ठीक. सत्तराच्या खाली आली तर समजायचं बॅटरी उतरली, लगेच बेळगाव गाठायचं. बॅटरी सात-आठ वर्सं टिकती, पण मोजायचं रोज. तानीला आपली आपण मोजायला जमंना. नाडीवर ध्यान दिलं की काटा सुटायचा, काट्यावर दिलं की नाडी. म्हणून मोजायचं काम माझ्याकडं आलं. कृष्णातचं घड्याळ मांडीवर, तिचं मनगट माझ्या हातात. मला सत्तरापर्यंत सरळ आकडं म्हणताना अडखळायला होतंय, पण आमची गणती कट्ट्याची. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. दोन कट्टं आणि वर वीस झालं की सत्तर. चेकरपुढं कधी चुकलो न्हाय, इथं कशाला चुकतोय?

एक सकाळ मला अजून आठवती. फेब्रुवारी असंल. उंबऱ्यावर ऊन आलतं. कृष्णात पोस्टात गेलता. मी तिचं मनगट धरलं, पण मोजायला सुरुवात केली न्हाय. कितीतरी दिवस पोटात होतं ते बाहेर पडलं.

"आक्का, एक सांग. सहा महिने तुला चक्कर येत होती. तू काय येडी हाईस व्हय? तंबाखू न्हाय हे तुला कळत नसंल? बिड्या वळायला लागून तीस वर्सं झाली तुला. कुणाला का सांगितलं न्हाईस?"

 ओल्या केसांतनं बोटं फिरवत बसली.

"कुणाला सांगू?" ती म्हणाली. "पोरगं घाबरलं असतं. सुलाला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं."

"मग?"

"मग काय मग? लग्न होऊन आलीस तवापासनं पोटात दुखलं तरी तुला सांगतो, डोकं दुखलं तरी तुला सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगायची सवयच न्हाय. आणि तू बोलत न्हवतीस."

एवढंच. रागानं न्हाय, रडून न्हाय, भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं सांगितलं.  मी मान खाली घातली, मनगट घट्ट धरलं आणि मोजायला लागलो. ठोका पडत होता, पुन्हा पडत होता, एकसुद्धा चुकत न्हवता. एक कट्टा झाला. दुसरा निम्मा झाला. पुढं घड्याळाचा काटा दिसायचा बंद झाला, डोळ्यातनं पाणी टपाटपा तिच्या हातावर पडायला लागलं आणि किती झालं तेच मला कळंना.

"किती?" तिनं विचारलं.

"चुकलं," मी म्हणालो.

"मग परत मोज," ती म्हणाली आणि दुसऱ्या हातानं माझा पदर माझ्याच डोळ्यांना लावला. "मला कुठं जायचंय?"